आजोबांची थ्री-नॉट-थ्री की एआर-१५?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डॅलसजवळ राहता, ग्रीन कार्ड मिळून वर्ष झालं, मित्रासोबत तीन-चार वेळा रेंजवर जाऊन आलात आणि आता स्वतःची ‘मिलिटरी टाइप’ रायफल घ्यायची आहे. महिन्यातून एकदा नेमबाजी करायची, पुढे जमलं तर जुन्या रायफलींचा छोटा संग्रह. बजेट बाराशे डॉलर. यादीत एआर-१५, मग एके, आणि अगदी शेवटी जाता जाता लिहिल्यासारखं, ‘आजोबा दौंडला एसआरपीत होते, त्यांच्या फोटोतली ती थ्री-नॉट-थ्री मिळते का?’ यातली चांगली कुठली, असं तुम्ही विचारलंय.

मला वाटतं तुमच्या मनात दोन वेगळ्या खरेद्या आहेत आणि तुम्ही त्या एकाच पिशवीत भरताय. एक रायफल भरपूर गोळ्या झाडून हात बसवायला हवी आहे. दुसरी हातात घेतल्यावर आजोबा आठवावेत म्हणून हवी आहे. पहिलीला स्वस्त काडतूस, सुटे भाग आणि बेफिकिरी लागते. दुसरीला शिक्के, जुनं लाकूड आणि जपणूक. दोन्ही कामं नीट करणारी रायफल बाराशे डॉलरमध्ये मी तरी पाहिलेली नाही. मी ओहायोत बावीस वर्षं हा नाद करतोय, कोल्हापूरला एनसीसीत पॉइंट टू-टू झाडली तेव्हापासून धरलं तर त्याहून जास्त. माझ्या कपाटात आज सात रायफली आहेत. त्यातल्या तीन मी वर्षातून एकदाच बाहेर काढतो आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही.

रायफलींकडे वळण्याआधी कायद्याचं बोलू, कारण आपल्याकडचे लोक तिथेच घसरतात. ग्रीन कार्डवर तुम्ही दुकानातून लांब नळीची रायफल घेऊ शकता. फॉर्म ४४७३ भरायचा, ओळखपत्र आणि कार्ड दाखवायचं, पार्श्वभूमीची तपासणी होते. पण हे वाचणाऱ्यांत एच-१बीवाले असतील, त्यांनी थांबावं. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगणं संघराज्याच्या कायद्यानुसार मुळातच निषिद्ध आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारूनच वापरायचे, रेंजवरच्या मित्राच्या सांगण्यावरून नाही. दुसरं म्हणजे राज्य. टेक्सासात जे सहज मिळतं ते कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यूयॉर्क, आणि २०२३पासून इलिनॉय, वॉशिंग्टन इथे मिळत नाही किंवा वेगळ्या रूपात मिळतं. पुढेमागे नोकरीसाठी तिकडे जायची शक्यता असेल तर एआर घेताना हे डोक्यात ठेवा. जुन्या बोल्ट-ॲक्शन रायफलीला (दर गोळीनंतर हाताने दांडी ओढावी लागते ती) मात्र यातल्या बहुतेक बंद्या लागत नाहीत.

आणि एक अगदी घरगुती सूचना. जी बॅग रेंजवर नेता ती मुंबईच्या विमानात कधीही नेऊ नका. तळाच्या शिवणीत अडकलेलं एक जिवंत काडतूस भारतातल्या विमानतळावर सापडलं तर शस्त्र कायद्याचा गुन्हा दाखल होऊ शकतो. तिथे तुमचं टेक्सास कुणी ऐकून घेत नाही. आमच्या घरात रेंजची बॅग गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेली असते आणि ती तिथून फक्त गाडीच्या डिकीत जाते.

आता रायफल. मी नवख्या माणसाला नेहमी उलट्या टोकाने विचार करायला सांगतो. आधी काडतूस ठरवा, मग त्याच्याभोवती रायफल शोधा. पैसे रायफलीत एकदा जातात, काडतुसात दर महिन्याला. तुम्ही एका वेळी शंभर गोळ्या झाडाल असं धरू, म्हणजे वर्षाला बाराशे. भाव वरखाली होत असतात, पण साधारण अंदाज सांगतो. एआर-१५चं ५.५६ किंवा .२२३चं साधं काडतूस अर्ध्या डॉलरच्या आसपास पडतं, म्हणजे वर्षाला सहाशे डॉलर. थ्री-नॉट-थ्रीचं नवं काडतूस दीड डॉलरच्या घरात, म्हणजे अठराशे. तुमच्या पूर्ण बजेटच्या दीडपट, आणि तेही दरवर्षी. पॉइंट टू-टूचं काडतूस सात-आठ सेंट. वर्षाची सगळी हौस शंभर डॉलरच्या आत.

याच कारणाने एकेबद्दल मी दोन-चार वाक्यांतच बोलतो. तिचं ७.६२ बाय ३९ काडतूस एके काळी सगळ्यात स्वस्त होतं, कारण स्टीलच्या पुंगळीचा रशियन माल ढिगाने यायचा. २०२१मध्ये त्या आयातीचे नवे परवाने थांबले आणि स्वस्ताईचं ते मुख्य कारणच गेलं. वर अमेरिकेत मिळणाऱ्या नागरी एकेंचा दर्जा एकसारखा नाही. जिथे नळी आणि बोल्ट एकमेकांना धरतात तो ट्रनियन घडवलेला आहे की ओतीव, हे ओळखायला अनुभव लागतो. शिवाय बऱ्याच बंदिस्त रेंजवर गोळीला चुंबक लावून बघतात आणि चिकटली तर ती झाडू देत नाहीत. पहिली रायफल म्हणून ही नको.

एआर-१५ कंटाळवाणी वाटते कारण ती सगळ्यांकडे असते. पण नेमबाजी शिकायला तिच्याइतकी सोपी रायफल दुसरी नाही. युजीन स्टोनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात आर्मालाइट कंपनीत ती आखली. ‘एआर’ ही अक्षरं त्या कंपनीच्या नावावरून आलीत, तुमचा मित्र समजतो तशी ‘असॉल्ट रायफल’वरून नाही. धक्का नगण्य, भाग सगळीकडे मिळतात, बिघडलं तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर दुरुस्त होते. घ्यायचीच झाली तर सोळा इंच नळी, चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) ५.५६चं, आणि नळीतल्या पिळाचा, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांचा, आकडा सात किंवा आठ इंचाला एक वेढा. ५.५६च्या चेंबरमध्ये .२२३ बिनधास्त चालतं, उलटं करू नका. दुर्बीण, टॉर्च, पकडीच्या मुठी यांवर पहिल्या वर्षी एक डॉलरही घालवू नका. तेच पैसे काडतुसांत घाला. एआरबद्दल माझं म्हणणं इथे संपलं, कारण त्या खरेदीत चुकायला फारशी जागा नसते.

चुकायला जागा आहे ती जुन्या रायफलीत.

आधी आजोबांचा फोटो नीट बघा, शक्य असेल तर मोठा करून. रायफलीच्या तोंडाशी लाकूड आणि लोखंडी टोपी नळीच्या टोकापर्यंत आली असेल, नाक ठेचल्यासारखं बोथट दिसत असेल, तर ती नंबर वन मार्क थ्री जातीची ली-एनफील्ड, थ्री-नॉट-थ्रीचं खरं नाव तेच. १९०७ सालची मूळ रचना, भारतात पोलिसांच्या हाती दीर्घकाळ राहिली ती हीच. नळीचं टोक लाकडाबाहेर दोन-तीन इंच डोकावत असेल तर नंबर फोर, दुसऱ्या महायुद्धातली. नंबर फोरचं मागचं नेमयंत्र डोळ्याजवळ, छोट्या भोकाचं असतं. माझ्यासारख्या चाळिशीचा चष्मा लागलेल्या माणसाला ते फार सोयीचं. नंबर वनवर मागची खाच नळीवर दूर असते. खाच, माशी (नळीच्या टोकावरचं नेमाचं टोक) आणि निशाण तिन्ही एकदम स्पष्ट दिसायचं वय माझं केव्हाच गेलं.

मग मॅगझिन बघा. खालची कड तिरकी, पुढे निमुळती असेल तर थ्री-नॉट-थ्री. चौकोनी डब्यासारखं काटकोनी असेल तर ती थ्री-नॉट-थ्री नाहीच. ती ईशापूरची टू-ए किंवा टू-ए-वन. १९६२च्या चीन युद्धानंतर सैन्याकडे स्वयंचलित भरणाऱ्या रायफली पुरेशा नव्हत्या, तेव्हा कोलकात्याजवळच्या ईशापूर कारखान्याने तीच जुनी एनफील्ड नव्या, जास्त मजबूत पोलादात आणि ७.६२ नाटो काडतुसासाठी बनवली. दिसायला बहीण, पण काडतूस वेगळं. दोन्हींमध्ये फरक एवढाच की टू-एच्या मागच्या नेमपट्टीवर आकडे २००० मीटरपर्यंत आहेत, टू-ए-वनवर ते शहाणपणाने ८००वर आणले. या रायफली अमेरिकेत खूप आल्या आणि आजही सापडतात.

तुमच्यासाठी हा फरक महत्त्वाचा आहे, कारण ७.६२चं काडतूस थ्री-नॉट-थ्रीपेक्षा स्वस्त आणि सहज मिळतं. मात्र दुकानातलं शिकारीचं .३०८ तिच्यात घालावं का, यावर इथे दोन संग्राहक भेटले की वाद ठरलेला. दोन्ही काडतुसांच्या दाबाचे छापील आकडे वेगवेगळ्या पद्धतीने मोजलेले असतात, त्यामुळे ते शेजारी ठेवून भांडण्यात अर्थ नाही. मी काय करतो ते सांगतो. ओळखीच्या गनस्मिथकडून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतुसाचं बूड यांतली फट, तपासून घेतो, १४७ ग्रेन वजनाची नाटो धाटणीची साधी गोळी झाडतो आणि जड, जोरकस शिकारी काडतुसं तिच्या वाट्याला जाऊ देत नाही. पन्नास-साठ वर्षांच्या रायफलीकडून मला हरणं मारायची नाहीत.

रायफल हातात आली की बोल्टच्या दांडीखाली, जिथे मागचा लाकडी दस्ता लोखंडात शिरतो ते कडं बघा. ईशापूरची सगळी कुळकथा तिथे कोरलेली असते. राजमुकुट आणि त्याखाली जी.आर.आय. अशी अक्षरं असतील तर ती जॉर्ज राजाच्या काळातली. अशोकस्तंभाचे सिंह आणि आर.एफ.आय. असेल तर स्वातंत्र्यानंतरची. सालही तिथेच असतं. माझ्याकडे दोन्ही आहेत, शेजारी शेजारी टांगलेल्या. घरी आलेल्या पाहुण्यांना बंदुकांत रस नसला तरी ते दोन शिक्के बघायला ते वाकतातच. ईशापुरात दुरुस्त झालेल्या बऱ्याच रायफलींच्या पुढच्या लाकडात मॅगझिनच्या पुढे एक आडवा स्क्रू मारलेला दिसेल. काही विक्रेते त्याला ‘दोष’ म्हणून भाव पाडतात, काही नवखे त्याला घाबरतात. लाकूड फाटू नये म्हणून कारखान्याने मुद्दाम मारलेला टेकू आहे तो. माझ्या मते ती कुळाची खूण आहे.

आता माझी फजिती ऐका, म्हणजे पुढचं का सांगतोय ते कळेल. माझी पहिली थ्री-नॉट-थ्री मी एका गन शोमध्ये घेतली. लाकूड आरशासारखं चमकत होतं, बोल्टवरचा आणि बॉडीवरचा क्रमांक एकच होता आणि विकणाऱ्याकडे बर्मा आघाडीची एक सुंदर गोष्ट होती. मी गोष्टीचे पैसे मोजले. रेंजवर पन्नास यार्डांवरच्या कागदावर गोल भोकांऐवजी लांबट फाटे पडू लागले. गोळी आडवी होऊन लागत होती. नळीच्या तोंडाशी पिळाचे खड्डे जवळजवळ उरलेच नव्हते. कित्येक वर्षं शिपायांनी नळी साफ करायच्या फुलथ्रूची दोरी एका बाजूला घासून ओढली की तोंड असं अंडाकृती झिजतं. आणि ते चमकणारं लाकूड? कुणीतरी सँडपेपरने घासून सगळे मूळ शिक्के उडवले होते. म्हणजे झाडायलाही बाद आणि संग्रहालाही बाद. ती आजही माझ्याकडे आहे, नव्या मंडळींना दाखवायला.

म्हणून खरेदीला जाताना खिशात बारीक टॉर्च आणि एक गोळी न्या. अख्खं काडतूस नव्हे, नुसती गोळी. विक्रेत्याच्या परवानगीने बोल्ट बाहेर काढून रायफल रिकामी असल्याची आधी स्वतः खात्री करा, मग टॉर्चने नळीतून आरपार बघा. नळी काळसर असली तरी पिळाच्या कडा धारदार असतील तर ती चालते. चकचकीत पण गुळगुळीत असेल तर सोडा. मग गोळीचं टोक नळीच्या तोंडात अलगद ठेवा. गोळीचा मागचा भाग थोडा बाहेर राहिला पाहिजे. गोळी पार बुडाली तर माझ्यासारखे लांबट फाटे मिळतील. बोल्टचा क्रमांक बॉडीशी जुळायलाच हवा. नेमपट्टी आणि पुढच्या टोपीवरचे क्रमांकही जुळले तर उत्तम, पण त्यासाठी जास्त पैसे मोजायच्या आधी ते आकडे नंतर कोरलेले तर नाहीत हे भिंगातून बघा. हेडस्पेस तपासल्याशिवाय पहिली गोळी झाडू नका. नंबर फोरच्या बोल्टचं डोकं शून्य ते तीन अशा चार मापांत यायचं, त्यामुळे तिथे दुरुस्ती सोपी जाते. नंबर वनला ती सोय नाही, गनस्मिथला डोकी बदलून बघत बसावं लागतं.

एक सापळा वेगळा सांगतो. अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांमार्फत खैबर खिंडीतल्या हाताने बनवलेल्या एनफील्ड आणि मार्टिनी (त्याहून जुन्या, एकेक गोळी भरायच्या ब्रिटिश रायफली) इथे आल्या आहेत. पाकिस्तानातल्या दर्रा आदमखेलच्या कारागिरांचं कसब मोठं, पण पोलाद कुठलं ते देवच जाणे. इंग्रजी अक्षरं उलटी कोरलेली, मुकुट वेडावाकडा, साल आणि नमुन्याचा मेळ नाही, असं दिसलं तर ती भिंतीवर टांगायची वस्तू आहे. तिच्यात काडतूस घालायचं नाही. ‘डीपी’ अशी अक्षरं असतील तर ती कवायतीची रायफल, तिलाही हाच नियम.

जुन्या लष्करी काडतुसांचा मोह तुम्हालाही होईल. पुंगळीच्या बुडावर ‘के.एफ.’ दिसलं की आपला जीव थोडा हलतो, कारण ते खडकीचं, आपल्या पुण्याचं. माझ्याकडे त्यांचा एक जुना पुडा आहे, पण तो फोडलेला नाही आणि फोडणारही नाही. सहा-सात दशकं कुठल्या गोदामात, कुठल्या उन्हात पडून राहिलेली काडतुसं मग कुठल्याही देशाची असोत, त्यांचा भरवसा नसतो. अशाच एका जुन्या मालात माझ्या शेजाऱ्याने घोडा दाबल्यावर नुसतं ‘टिक’ झालं आणि क्षणभराने बार उडाला. तोपर्यंत तो रायफल खांद्यावरून खाली आणायला निघाला होता. सुदैवाने नळी निशाणाकडेच होती. बार उडाला नाही तर नळी समोर धरून निदान तीस सेकंद थांबा, बोल्टला हात लावू नका.

त्याशिवाय या जुन्या मालाच्या बुडातल्या टोपीतल्या (प्रायमरमधल्या) रसायनातून नळीत क्षार उरतो. मिठासारखाच तो हवेतलं पाणी ओढतो आणि गंज धरतो. नुसतं तेल लावून तो जात नाही, पाण्यानेच जातो. ब्रिटिश सैन्यात नळीत उकळतं पाणी ओतायला खास नरसाळं मिळायचं. मी चहाची किटली वापरतो. संध्याकाळी घरी आलो की आधी गरम पाणी, मग कोरडी चिंदी, मग तेलाची चिंदी. हे एकदा आळसाने पुढच्या शनिवारवर ढकललं होतं, ऑगस्टमध्ये. नळी आतून हळदीच्या रंगाची झाली होती.

तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी एम-वन गॅरंडचं, दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी रायफलीचं, नाव तुमच्यापुढे घेईलच. रायफल अप्रतिम आहे, आठवी गोळी सुटल्यावर क्लिप ‘टिंग’ करून उडते त्या आवाजासाठी लोक वेडे होतात. तिची चांगली जागा म्हणजे सीएमपी ही सरकारमान्य संस्था, पण तिथे अमेरिकी नागरिकत्वाचा पुरावा आणि संलग्न क्लबचं सभासदत्व लागतं. तेव्हा नागरिकत्व मिळेपर्यंत तो विषय बाजूला ठेवा. क्लबमध्ये मात्र आत्ताच नाव घाला. तिथले म्हातारे विनामूल्य जे शिकवतात ते कुठल्याही पैसे भरून केलेल्या कोर्समध्ये मिळत नाही. शिवाय ते आपल्या रायफली झाडून बघायला देतात, म्हणजे एआर आणि एनफील्ड दोन्ही खांद्याला लावून मग ठरवता येतं. इकडे लेक एरीच्या काठावर कॅम्प पेरीला जुन्या लष्करी रायफलींची स्पर्धा भरते, दोनशे यार्डांवर. तिथे एनफील्डवाल्यांची ओळ बघायला तरी एकदा या.

आता तुमचे बाराशे डॉलर. नुसता झाडण्याचा आनंद हवा असता तर मी डोळे मिटून साधी एआर आणि उरलेल्या पैशांची काडतुसं सांगितली असती. पण तुम्ही तो फोटो मध्ये आणलात. म्हणून मी अडीच-तीनशेची एक साधी पॉइंट टू-टू बोल्ट रायफल घेईन, जिच्यावर दर महिन्याला शंभराऐवजी तीनशे गोळ्या झाडता येतील, आणि श्वास, नेम, घोडा दाबणं हे सगळं तिच्यावरच शिकेन. उरलेल्यातून फोटोतल्या जातीची एक ईशापूर, चांगल्या नळीची. तिच्यावर महिन्याला वीस गोळ्या पुरे. शे-दीडशे डॉलर घट्ट कुलपाच्या कपाटासाठी आणि कानांच्या आवरणांसाठी आधीच बाजूला काढा. घरात लहान मूल असेल तर कपाट आधी येऊ द्या, रायफल नंतर. एआर कुठे पळून जात नाही. निदान टेक्सासातून तरी नाही.

वर्षभराने हौस टिकली तर क्युरिओ अँड रेलिक हा संग्राहकांचा परवाना काढा. तीन वर्षांचे तीस डॉलर, आणि पन्नास वर्षांहून जुन्या रायफली थेट घरी मागवता येतात. त्या वयात आता टू-ए-वनही बसते. खरेदी-विक्रीची वही मात्र काटेकोर ठेवावी लागते.

रायफल सापडली की पैसे देण्याआधी मला चार फोटो पाठवा: दांडीखालचा शिक्का, बोल्टचा क्रमांक, नळीच्या तोंडात ठेवलेली गोळी, आणि डाव्या बाजूने पूर्ण रायफल. आजोबांचा फोटोही सोबत जोडा, मॅगझिनचा आकार मला स्वतः बघायचा आहे.